शिवेपलीकडची मेर्लो: बोर्दोत कमी पैशांत चांगली बाटली कशी शोधायची

निफाडच्या काकांना मी व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मी फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशात, फ्रोंसाकच्या एका उतारावर उभी होते. सप्टेंबरचे दिवस, मागे मेर्लो या वाइनच्या काळ्या द्राक्षाच्या ओळी, घड काळेभोर झालेले. मला वाटलं काका मणी दाखव म्हणतील. ते म्हणाले, "पोरी, मोबाइल खाली कर. रान कसलं आहे ते आधी दाखव."

मळ्याच्या मालकीणबाईंनी वाकून एक ढेकूळ उचललं आणि मुठीत दाबलं. ते फुटलं नाही, त्यावर चारही बोटांचे ठसे उमटले. मधेमधे चुनखडीचे पांढरे खडे चमकत होते. काका म्हणाले, "चिकण आहे, पाणी धरून ठेवणार. पण खाली दगड आहे, म्हणजे मुळ्या बुडणार नाहीत. चांगलं रान आहे हे." मी ते बाईंना फ्रेंचमध्ये सांगितलं. त्यांनी पूर्वेला बोट दाखवलं. लिबूर्न शहर आणि त्याच्या मागे महागड्या वाइनचं गाव पोमेरोल, सगळं मिळून सायकलच्या अंतरावर. "हेच रान तिकडे असतं तर तुम्हाला ही बाटली परवडली नसती," त्या म्हणाल्या. त्यांची बाटली तेव्हा ११ युरोंना होती.

नोकरीच्या निमित्ताने बोर्दोत काढलेल्या वर्षांत मी जे शिकले ते सगळं या प्रसंगात आहे. भाव शिवेवर बदलतो, रान शिवेवर बदलत नाही. हा लेख युरोपात राहणाऱ्या, तिकडे फिरायला जाणाऱ्या किंवा येता-जाता दोन बाटल्या सोबत आणणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. ज्यांना मेर्लो आवडते पण पोमेरोलचे भाव बघून जे मागे फिरतात, त्यांच्यासाठी तर खासच.

पहिली पायरी: नकाशा उघडा आणि उजवा काठ शोधा

बोर्दोच्या परिसरात दोन नद्या आहेत, गारोन आणि दॉर्दोन्य. त्या एकत्र येऊन जिरोंद नावाची खाडी होते आणि समुद्राला मिळते. खाडीच्या नि गारोनच्या डाव्या काठावर गोट्यांची, रेताड, लवकर तापणारी जमीन आहे. तिथे काबर्ने सोविन्यों हे दुसरं काळं द्राक्ष खुलतं. दॉर्दोन्यच्या उजव्या काठावर चिकणमाती आणि चुनखडी आहे. ही जमीन थंड राहते, ओल धरते आणि मेर्लोला तेच हवं असतं. मेर्लो लवकर फुटते, काबर्ने सोविन्योंच्या आधी पिकते, साल पातळ असते. तापट जमिनीत ती घाईघाईने पिकते, गोडी भरते पण चव येत नाही.

बोर्दोतल्या काळ्या द्राक्षांत निम्म्याहून बरीच जास्त लागवड मेर्लोची आहे. म्हणजे जगाला काबर्नेचा म्हणून माहीत असलेला हा प्रदेश मुळात मेर्लोचा आहे. तरी सगळा मान डाव्या काठाला मिळाला, कारण १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी जी प्रसिद्ध प्रतवारी झाली तिच्यात उजव्या काठाची एकही वाइन नव्हती. ती यादी बोर्दो शहरातल्या दलालांनी बाजारभाव बघून केली होती आणि उजव्या काठाचा व्यापार लिबूर्नमधून चालायचा. पुढे उजव्या काठावर दोन गावं मात्र फार मोठी झाली: सँतेमिल्यों आणि पोमेरोल. पोमेरोलमधली पेत्र्युस ही वाइन जवळपास पूर्ण मेर्लोची. तिची एक बाटली काही हजार युरोंना जाते. तो विषय तिथेच सोडू.

दुसरी पायरी: शेजारच्या गावांची नावं पाठ करा

यात वेळ घाला, कारण पैसा इथेच वाचतो.

बार्बान नावाचा एक ओहोळ आहे, पावसाळ्यातल्या आपल्या ओढ्यापेक्षा लहान. त्याच्या दक्षिणेला पोमेरोल आणि सँतेमिल्यों, उत्तरेला लालांद-द-पोमेरोल, मोंताञ, सँ-जॉर्ज, लुसाक आणि प्विसगें. मोंताञपासूनच्या या चार गावांना आपल्या नावापुढे सँतेमिल्यों लावायची परवानगी आहे, म्हणून लेबलवर 'मोंताञ-सँतेमिल्यों' असं जोडनाव दिसतं. लालांद-द-पोमेरोलची बाटली फ्रान्समध्ये साधारण १५ ते २५ युरोंना मिळते, बाकी चौघांची १० ते १८ ला. लालांदला नावाचा थोडा भाव लागतोच, त्यामुळे माझं मन मोंताञकडे जास्त ओढतं.

फ्रोंसाक आणि कानों-फ्रोंसाक लिबूर्नच्या पश्चिमेला, ईल नदी ओलांडली की लगेच. अठराव्या शतकात इथल्या वाइनला सँतेमिल्योंपेक्षा जास्त मान होता. आज हे नाव फ्रान्सबाहेर फारसं कुणी घेत नाही, आणि आपल्यासारख्यांचा फायदा त्यातच आहे. चुनखडी नि चिकणमातीचे चढउतार, त्यावर मुख्यतः मेर्लो, जोडीला थोडी काबर्ने फ्रांक, हेही काळं द्राक्षच. ही वाइन तरुणपणी जरा कडक लागते, चार-पाच वर्षांनी मऊ होते. शातो फोंतनील, शातो दालेम, शातो मुलँ-ओ-लारोक, शातो ला व्हिए क्यूर ही नावं लिहून ठेवा (शातो म्हणजे मळ्यासकट वाइनघर). फोंतनील १९८६ मध्ये मिशेल आणि दानी रोलां या दांपत्याने घेतलं. मिशेल रोलां म्हणजे जगभरच्या वाइनरींना सल्ला देण्यासाठी गाजलेले गृहस्थ. त्यांनी स्वतःच्या घरासाठी फ्रोंसाक निवडलं, यातून रानाबद्दल काय ते समजून घ्या.

सँतेमिल्योंच्या पूर्वेला कास्तियों आहे. १४५३ साली इथल्या लढाईने इंग्रज-फ्रेंचांचं शंभर वर्षांचं युद्ध संपलं. सँतेमिल्योंचं गाव ज्या चुनखडीच्या पठारावर वसलं आहे ते पठार शिवेपाशी थांबत नाही, तसंच पुढे कास्तियोंत जातं. त्या दगडात पुरातन समुद्रातल्या तारामाशांचे अवशेष सापडतात, म्हणून त्याला तारामाशांची चुनखडी म्हणतात. बोर्दो शहरातल्या पिवळसर इमारतीही अशाच चुनखडीच्या आहेत. कास्तियोंची बाटली ८ ते २० युरो. शातो देग्वील सँतेमिल्योंतल्या नामांकित इस्टेटीचे मालक श्टेफान फोन नाइपर्ग यांचं, दोमेन द ला हे स्तेफान देरनोंकूर यांचं १९९९ पासूनचं, शातो जोआनँ बेको सँतेमिल्योंच्या बेको कुटुंबाचं. ही सगळी मंडळी शिवेपलीकडच्या महाग गावात काम करून इथे आलेली. जुन्या बाटल्यांवर 'कोत द कास्तियों' असेल, २००९ पासूनच्या बाटल्यांवर 'कास्तियों कोत द बोर्दो'. गाव एकच.

कास्तियोंच्या उत्तरेला फ्रां हे अगदी छोटं नाव. तिथे तियांपों कुटुंबाचं शातो प्विगरो आहे, याच कुटुंबाचं पोमेरोलमधलं व्हिए शातो सेर्तां जगप्रसिद्ध आहे. याशिवाय खाडीच्या काठचे ब्लाय आणि बूर, ६ ते १२ युरोंचे प्रांत. ब्लायमध्ये मेर्लो मोकळी, फळाळ लागते. बूरमध्ये जोडीला माल्बेक हे गडद द्राक्ष असतं, म्हणून रंग आणि चव गडद. सगळ्यात खालच्या भावाला 'बोर्दो स्युपेरियर'. तो कुठल्या एका गावाचा नाही, पूर्ण प्रदेशात कुठेही होऊ शकतो, नियम साध्या बोर्दोपेक्षा थोडे कडक. इथे गाव नव्हे, माणूस बघायचा.

तिसरी पायरी: लेबल वाचायला शिका

पहिल्या वर्षी एका पर्यटकी दुकानातून मी २२ युरोंची बाटली घेतली. सोनेरी अक्षरांत 'ग्रां व्हँ द बोर्दो', म्हणजे बोर्दोची थोर वाइन. घरी उघडली तर पाणचट, आंबट, घशाला कोरड पाडणारी. मग कळलं की या शब्दांमागे कायद्याने काही दर्जा बांधलेला नाही, कुणीही छापतं. 'व्हिएय व्हीञ', म्हणजे जुन्या वेली, याचीही कायद्यात व्याख्या नाही. दहा वर्षांची वेल जुनी की साठ वर्षांची, हे सांगणाऱ्यावर अवलंबून.

दुसरा चकवा सँतेमिल्योंचा. 'सँतेमिल्यों ग्रां क्र्यू' हे उत्पादनाच्या नियमांवर मिळणारं नाव आहे आणि ते शेकडो बाटल्यांवर असतं. खरी प्रतवारी 'ग्रां क्र्यू क्लासे' ही. शेवटचा 'क्लासे' शब्द महत्त्वाचा. ही यादी १९५५ पासून साधारण दर दहा वर्षांनी नव्याने होते, २०२२ च्या यादीत ८५ इस्टेटी आहेत. त्यामुळे ३० युरोंची नुसती 'ग्रां क्र्यू' घेण्यापेक्षा १५ युरोंची नावाजलेली कास्तियों मला केव्हाही बरी वाटते.

कामाचे शब्द वेगळे आहेत. 'मीझाँ बुतेय ओ शातो' म्हणजे जिथे द्राक्ष पिकलं तिथेच बाटली भरली. पाठीवर पिंप घेतलेल्या माणसाचं छोटं चिन्ह दिसलं तर तो स्वतंत्र शेतकरी उत्पादक. मागच्या लेबलवर बहुतेकदा द्राक्षांचं प्रमाण देतात. मेर्लो ७० ते ९० टक्के असेल तर तुम्हाला हवी ती बाटली हीच. निव्वळ मेर्लोचा हट्ट मात्र धरू नका. थोडी काबर्ने फ्रांक वाइनला ताठ कणा आणि सुगंध देते. सहकारी संस्थांच्या बाटल्यांकडेही दुर्लक्ष नको. सँतेमिल्योंची उत्पादक सहकारी संस्था १९३१ पासून आहे.

'ओकच्या पिंपात मुरवलेली' हे शब्द ६ युरोंच्या बाटलीवर दिसले तर जरा हिशेब करा. बोर्दोचं पिंप २२५ लिटरचं, त्यात ३०० बाटल्या. नव्या पिंपाला आठशे-नऊशे युरो पडतात, म्हणजे नुसत्या लाकडाचेच बाटलीमागे जवळपास तीन युरो. बाटली, बूच, मजुरी, दुकानदार, २० टक्के कर, आणि द्राक्ष? तेव्हा स्वस्तातली मेर्लो लाकडाशिवायची, सिमेंटच्या किंवा स्टीलच्या टाकीतली घ्या. फळ स्वच्छ लागतं आणि पैसा द्राक्षावर खर्च झालेला असतो.

चार युरोंच्या खाली मात्र मी जात नाही, आणि कारण फक्त चवीचं नाही. फ्रान्समध्ये रेड वाइन पिणं कमी झालं, चीनची मागणी घटली आणि बोर्दोत माल पडून राहिला. २०२३ मध्ये तिथे वेली उपटण्यासाठी हेक्टरी ६,००० युरो देण्याची योजना आली. कास्तियोंच्या रस्त्यावर उपटलेल्या बुंध्यांचे ढीग मी पाहिले आहेत. बाग तोडायची वेळ येते म्हणजे काय, हे नाशिककडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. दहा-बारा युरो थेट शेतकऱ्याच्या हातात दिले तर वाइनही चांगली मिळते आणि त्याची बागही टिकते.

चौथी पायरी: साल बघा

आपल्याकडे ऑक्टोबरात छाटणी आणि फेब्रुवारी-मार्चात खुडा. तिकडे मेर्लोचा खुडा सप्टेंबरात. एप्रिलमध्ये कोवळी फूट आलेली असताना रात्री तापमान शून्याखाली गेलं की फूट जळते, आणि लवकर फुटणारी मेर्लो आधी सापडते. २०१७ आणि २०२१ मध्ये हेच झालं. २०२३ मध्ये डाऊनी या बुरशीच्या रोगाने मेर्लोलाच जास्त झोडपलं. डाऊनी म्हणजे तीच आपली. काकांना फ्रेंच शेतकऱ्याचं दुःख भाषांतराशिवाय कळलं.

साधा नियम असा: २०१६, २०१८, २०१९, २०२०, २०२२ ही उत्तम वर्षं. या वर्षांत अनोळखी नावावर पैसे लावायला हरकत नाही, कारण साध्या रानालाही पूर्ण पिकायला वाव मिळाला. २०१३, २०१७, २०२१ मध्ये फक्त ओळखीच्या, चांगल्या हातांची बाटली घ्या. २०१८ आणि २०२२ च्या वाइनमध्ये मद्यार्क १४.५ टक्क्यांपर्यंत, कधी त्याहून वर जातो.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष जा

बोर्दोच्या सँ-जाँ स्थानकावरून लिबूर्नला रेल्वेने साधारण अर्धा तास लागतो. त्याच बाजूच्या गाड्या पुढे सँतेमिल्यों आणि कास्तियोंला जातात. लिबूर्नहून फ्रोंसाक तीनेक किलोमीटर, सायकल पुरते. छोट्या शेतकऱ्याकडे न कळवता जाऊ नका. आदल्या दिवशी फोन करा, मोडकी फ्रेंच चालते. दारात 'बोंजूर' म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य बोलायचं नाही, ही तिकडची रीत. चव घेऊन पिकदाणीत थुंकणं हा अपमान नाही, सहा वाइन चाखायच्या तर तेच शहाणपण. छोट्या घरांत चाखणं अनेकदा फुकट असतं, पण निघताना दोन बाटल्या घ्याव्यात. बाई किंवा बुवा स्वतः ओतत असतात, त्यांचा अर्धा दिवस गेलेला असतो.

तीन प्रश्न विचारा. रान कसलं आहे? या वर्षी किती दिवस थांबून खुडलं? आणि तुम्ही स्वतः घरी कुठल्या सालाची पिता? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण खरं उत्तर देतात आणि ती बाटली बहुधा यादीतली सर्वांत महाग नसते.

खुड्याच्या सुमारास गेलात तर मणी मागून घ्या. गर आधी खाऊन टाका, साल दाढेखाली चावा, मग बी फोडा. बी तपकिरी आणि कुरकुरीत, भाजलेल्या दाण्यासारखं लागलं तर पीक तयार आहे. हिरवं आणि कडू लागलं तर घाई होते आहे. फ्रोंसाकच्या बाई ओळीत फिरताना हेच करत होत्या, काका निफाडला हेच करतात.

मळ्यांवर जाणं जमत नसेल तर बोर्दो शहरातल्या ऑपेरा हाउससमोर बोर्दो वाइन परिषदेचा बार आहे, तिथे पेल्याने स्वस्तात चाखता येतं. सप्टेंबरात फ्रान्समधली मोठी सुपरमार्केटं 'वाइनची जत्रा' भरवतात, तेव्हा फ्रोंसाक आणि कास्तियों चांगल्या भावात असतात. इंग्लंडमधल्यांना द वाइन सोसायटी ही १८७४ पासूनची सभासदांची सहकारी संस्था सोयीची.

सहावी पायरी: जिभेची परीक्षा

चांगल्या स्वस्त मेर्लोत आधी फळ यावं. फ्रेंच लोक आलुबुखार म्हणतात, मला पिकलेलं जांभूळ आठवतं. मग मऊपणा, आणि शेवटी जांभळाची बी चोखल्यावर येतो तसा हलका तुरटपणा. तो तुरटपणा गोड फळाबरोबर विरला तर वाइन जमली. नुसता मागे उरून हिरड्या ओढत राहिला तर द्राक्ष कच्चं खुडलं होतं. ढोबळ्या मिरचीचा हिरवा वास हीही कच्चेपणाची खूण. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब, बाटली परत करा, संकोच नको. व्हॅनिलाच्या वासाखाली फळ सापडतच नसेल तर लाकूड जास्त झालं.

आपल्याकडे खोलीत ठेवलेली वाइन फार गरम असते आणि गरम मेर्लो जड, दारूसारखी लागते. उघडण्याआधी फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा, १६-१७ अंशांवर ती उत्तम. फ्रोंसाक असेल तर तासभर आधी उघडा. या भावातल्या बहुतेक बाटल्या सालापासून चार ते आठ वर्षांत पिऊन टाकाव्यात.

जेवणाबरोबर एकच पथ्य: झणझणीत नको. तिखट आणि मद्यार्क एकमेकांची आग वाढवतात, तांबड्या रश्शासमोर मेर्लो पार हरते. पांढरा रस्सा, कमी तिखटाचं सुकं मटण किंवा गोड्या मसाल्यातली भरली वांगी करून बघा. वांग्यातल्या दाण्याच्या कुटाच्या स्निग्धपणाने वाइनचा तुरटपणा निवतो.

भारतात येताना प्रवाशाला दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि ३७५ ची एक अर्धी. इथे दुकानात त्याच वाइनला आयातकर आणि राज्याचे कर लागून भाव कितीतरी पट होतो, म्हणून या दोन लिटरांत नाव मिरवणारी बाटली भरू नका. एकाच सालाची एक फ्रोंसाक आणि एक कास्तियों आणा, अर्धी बाटली लालांदची मिळाली तर ती. शेजारी शेजारी तीन पेल्यांत ओता आणि कुठली कुठली ते न बघता चाखा.

काका माळकरी, ते पीत नाहीत. गेल्या दिवाळीत मी हे तीन पेले त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी एकेक नाकाशी धरला, बराच वेळ वास घेतला आणि मधला पेला माझ्याकडे सरकवला. "हा त्या चिकण रानातला." तो फ्रोंसाकचाच होता.